रहाटाचं रिकामं गाडगं

विहिरींवर बैलाचे रहाट फिरत, त्या काळची गोष्ट. रहाटाच्या दोराला बांधलेल्या एका गाडग्याला बुडी मारताना साक्षात्कार झाला, की आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकच! "मग भरायचं कशाला? फिरवतो बैल. मी कुणीच नाही," म्हणत ते कलंडून रिकामंच वर येऊ लागलं.

पाणी कमी पडून मळ्यातल्या शेवटच्या ओळीतल्या केळी सुकू लागल्या. गाडगं फुटलं असेल म्हणून सारजाबाई माळणीने ते सोडलं आणि दगडावर आपटायला उचललं.

"अहो बाई, मला फोडू नका!" गाडगं ओरडलं.

दोर म्हणाला, "भरायच्या वेळी तू कुणीच नव्हतंस. मग फुटायच्या वेळी हा 'मी' कुठून आला?"

आपटण्याआधी सारजाबाईने ते फिरवून पाहिलं. कुठे तडा दिसेना, तेव्हा तिने ते पुन्हा घट्ट बांधलं.

पुढच्या फेरीला ते काठोकाठ भरून आलं. कुणी भरलं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.