तुळाजीने गॅस कसा वाचवला

वांगेवाडीत तुळाजी नावाचा एक भोळा बांगड्यावाला राहत होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी "जरा थांब" म्हटलं की थांबायचा, आणि "आता चल" म्हणेपर्यंत हलायचा नाही. एकदा एक बाई त्याला थांब सांगून घरात गेली आणि विसरून झोपली. तुळाजी तिच्या दारात दिवस कलेपर्यंत उभा. तोवर शेजारणीने त्याच्या खांद्यांवर दोन ओली धोतरं वाळत घातली. त्याने ती पडू दिली नाहीत.

त्याची बायको कौतिका मात्र हुशार होती. ती पुरणपोळ्या करून विकायची. गावात बारसं असो की वास्तुशांत, पोळ्या कौतिकाच्याच. तुळाजी जुन्या मोटारसायकलीवर पेटी बांधून आठवडी बाजारात बांगड्या विकायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी पेट्रोल महागलं. मग गॅस महागला. गॅस महागला म्हणून पोळी महागली, आणि पोळी महागली म्हणून पंगतीत लोक अर्धीच मागायला लागले. कौतिकाने दोन दिवस विचार केला आणि बाजाराच्या सकाळी नवऱ्याला समजावलं. गाडी जपून वापरायची. उतार लागला की बंद करायची. चढाला पेट्रोल लागतं, उताराला लागत नाही.

"बरं," तुळाजी म्हणाला. त्याला पटलं होतं. आपल्या बायकोइतकं डोकं पंचक्रोशीत कुणाला नाही, असं त्याला नेहमीच वाटायचं.

गावाबाहेरच्या उतारावर त्याने गाडी बंद केली. गाडी झोकात खाली आली. खाली रस्त्याला दोन फाटे फुटत होते. बाजाराचा रस्ता उजवीकडे वर चढत होता. डावीकडे गाडीवाट खाली उतरत होती. तुळाजीने विचार केला. चढाला पेट्रोल लागतं. तो डावीकडे वळला.

पुढे जिथे जिथे वाट फुटली तिथे तो मेंढक्यांना विचारायचा, "खाली कुठली जाते?" मेंढके दाखवायचे. असा उतरत उतरत तो दुपारी नदीवर पोचला. पुढचं चाक पाण्यात गेलं. नदीच्या खाली आता वाट नव्हती.

नदीवर वीसपंचवीस बाया धुणं धूत होत्या. बांगड्यांची पेटी बघून त्यांनी त्याला गराडा घातला. सगळ्यांचे हात साबणाने निसरडे झालेले, बांगड्या आपोआप चढल्या असत्या. पण तुळाजीने पेटी उघडली नाही. बांगड्या बाजारात विकायच्या आहेत, असं त्याने त्यांना नम्रपणे सांगितलं.

परतीचा सगळा चढ, म्हणून तुळाजी गाडी सुरू करेना. संध्याकाळी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून घरी आणावी लागली. ट्रॅक्टरला जेवढं डिझेल लागलं तेवढ्यात तुळाजीचे चार बाजार झाले असते.

कौतिका चिडली नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तिने पुन्हा समजावलं. अशी बचत होत नाही. जोडीने जावं, कुणाला तरी मागे बसवावं. एकाच खर्चात दोघांचं काम होतं.

"एकाच खर्चात दोघांचं काम," तुळाजीने घोकलं. रात्री झोपेतही तो तेच पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी कौतिकाचे मामा आले. वय झालेलं, नजर अधू, पण माणूस हौशी. कौतिकाला पीठ आणायला गिरणीवर जायचं होतं. जाताना तिने तुळाजीला तीन कामं सांगितली. मामांच्या अंघोळीचं पाणी तापवा, मामांना चहा करा, आणि हरभऱ्याची डाळ शिजायला घाला.

तुळाजी शेगडीपुढे बसला. तीन कामं म्हणजे तीनदा गॅस. एकाच खर्चात दोघांचं काम होतं, तर तिघांचंही होईल. त्याने मोठं पातेलं चढवलं. त्यात पाणी ओतलं, डाळ घातली, वरून साखर आणि चहापूड टाकली. सगळं एकदम रटरटायला लागलं. तुळाजीला फार समाधान वाटलं.

मग त्याने त्यातलं बादलीभर मामांना न्हाणीघरात दिलं, कपभर चहा म्हणून बाजूला ठेवलं, आणि उरलं ते डाळ म्हणून झाकून ठेवलं.

कौतिका परतली तेव्हा मामा ओसरीवर बसून चहा पीत होते. अंगाला मुंग्या लागल्या होत्या. कानामागे डाळ होती.

"पोरी, चहाला चव वेगळीच आहे," मामा म्हणाले. "पण तुमचा साबण फार खरबरीत."

कौतिकाने मामांना पुन्हा अंघोळ घातली आणि डाळ म्हशीला दिली. म्हशीने ती आवडीने खाल्ली आणि रात्रभर जागी राहिली.

मामा गेल्यावर कौतिकाने नवऱ्याला शेगडीपाशी नेऊन नीट दाखवलं. ज्याचं त्याचं भांडं वेगळं. गॅस वाचवायचा तर त्याची रीत अशी, की उकळी फुटली की वर झाकण घालायचं आणि खालचा गॅस बंद करायचा. कुणी कितीही घाई केली तरी झाकण काढायचं नाही. आतल्या वाफेवर सगळं आपोआप नरम होतं.

"उकळी फुटली की झाकण," तुळाजी म्हणाला.

"आणि खालून बंद," कौतिका म्हणाली.

दोन दिवसांनी ग्रामपंचायतीपुढे महागाईवर सभा भरली. सरपंच दाजीबा उंचीने बेताचे, पण आवाज मोठा. ते ओट्यावर उभे राहून माइकवर बोलत होते. आधी पेट्रोलवर बोलले, मग तेलावर, मग सिलिंडरवर आले. सिलिंडरवर आले तसा त्यांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला.

"गावकऱ्यांनो," ते म्हणाले, "हे भाव ऐकून माझं रक्त नुसतं उकळतंय."

तुळाजीने आजूबाजूला बघितलं. उकळी फुटलेली, आणि कुणी जागचं हलत नव्हतं. पंचायतीच्या भिंतीला कोंबड्या झाकायचं एक मोठं डालगं पडलं होतं. ते उचलून तुळाजी ओट्यावर चढला आणि त्याने सरपंचांवर घातलं. ते गुडघ्यापर्यंत बसलं. मग त्याने खाली वाकून माइकची वायर उपटली आणि डालग्यावर दोन्ही हात दाबून उभा राहिला.

आतून सरपंच काहीतरी म्हणत होते. लोक काढ काढ म्हणत धावले. तुळाजीने मान हलवली.

"एवढ्यात नको," तो म्हणाला. "अजून कडक आहेत."

चौघांनी मिळून त्याला बाजूला केलं. डालगं निघालं तेव्हा सरपंचांच्या टोपीत दोन पिसं होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. खरंच नरम झाले होते.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं असतं. पण सरपंचांच्या नातवाचं बारसं दोनच दिवसांवर होतं आणि तीनशे पोळ्यांचं काम कौतिकाला मिळालं होतं. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. त्याच्या भरवशावर तिने आपल्या एकुलत्या एका सिलिंडरसाठी दोन आठवडे खेटे घातले होते. भरलेलं सिलिंडर आदल्या दिवशीच आलं होतं. डाळ निवडून ठेवली होती. आता सरपंच ते काम काढून घेणार, असं गावात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

त्या रात्री तुळाजी जेवला नाही. आपण एवढं जपून वागतो, तरी हिच्याच मागे काम कसं वाढतं, हे त्याला कळेना. सकाळी कौतिका लुगडं बदलून सरपंचांच्या घरी माफी मागायला निघाली, तेव्हा तो खाली मान घालून उंबऱ्यापाशी बसला होता. तिला त्याची दया आली. ती त्याच्याजवळ टेकली.

"अहो, माणूस म्हणजे भांडं नव्हे," ती म्हणाली. "माणूस घरी आला की मानाने वागावं. बसा म्हणावं, पाणी द्यावं, काय हवं ते विचारावं. मागेल त्याला नाही म्हणू नये. जाताना त्याचं ओझं आपण उचलावं आणि वेशीपर्यंत पोचवून यावं. एवढं केलंत तरी माझं सगळं भरून येईल."

तुळाजीने एवढं करायचं ठरवलं. ती गेल्यावर तो ओसरीवर बसून बोटांवर मोजत पाठ करू लागला. बसा, पाणी, काय हवं, ओझं, वेस.

भर दुपारी परसातल्या भिंतीवरून एक किडकिडीत माणूस आत उतरला. काखेत पोतं होतं. घर मोकळं आहे अशा समजुतीने तो थेट स्वयंपाकघरात शिरला. चाहूल लागून तुळाजी ओसरीवरून आत आला आणि त्याने त्याच्यापुढे पाट मांडला.

"या, बसा," तुळाजी म्हणाला.

तो माणूस पळणार होता. पण पाट समोर आलेला बघून बसला. तुळाजीने तांब्या दिला. तो पाणी प्यायला.

"काय हवं आपल्याला?"

त्या माणसाने दाराकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "सिलिंडर."

"भरलेलं की रिकामं?"

त्याने थोडा विचार केला. "भरलेलं."

तुळाजीने शेगडीचं सिलिंडर सोडवलं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं. वाटेत पाहुणा मोकळ्या हातांनी पुढे आणि तुळाजी वाकून मागे. चावडीपाशी बसलेल्यांनी विचारलं, पाहुणे कोण? तुळाजीने सांगितलं, चोर आहेत. चावडी हसली आणि पुन्हा पत्त्यांत गुंग झाली.

वेशीबाहेर झुडपात सायकल होती. तुळाजीने सिलिंडर मागे नीट बांधून दिलं. चोराचे डोळे भरून आले. या धंद्यात इतका मान आपल्याला कुणी दिला नाही, असं तो म्हणाला.

कौतिका तिसऱ्या प्रहरी परतली ती हसतच. सरपंचीणबाईंनी उलट तिचेच आभार मानले होते. तीस वर्षांत एक दिवस घरात शांतता मिळाली, असं म्हणून त्यांनी पोळ्या तीनशेच्या चारशे केल्या होत्या. कौतिकाने पदर खोचला, पुरणाचं पातेलं घेतलं आणि शेगडीपाशी गेली.

"अहो, सिलिंडर कुठे गेलं?"

तुळाजीने पाटापासून वेशीपर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"अहो, तो चोर होता," कौतिका म्हणाली.

"हो, तेच म्हणाले. मी विचारलं होतं, काय करता म्हणून."

कौतिका मटकन खाली बसली. पाहुण्याला काही कमी पडलं की काय, या काळजीने ही बसली, असं तुळाजीला वाटलं.

"तू घोर करू नकोस," तो म्हणाला. "रेग्युलेटर राहिला होता, तो मी पळत जाऊन दिला. गॅसचं पुस्तकही दिलं. नाहीतर पुढचं सिलिंडर त्यांना कोण देणार?"

कौतिकाने शेगडीवर हात ठेवला. "निदान ही तरी राहिली," ती म्हणाली.

"सायकलवर मावली नाही. संध्याकाळी न्यायला येणार आहेत ते," तुळाजी म्हणाला. "मी म्हटलं, जेवायलाच या. तू आता पुरण शिजायला घाल."