आवडीची कोरी जागा

फार वर्षांपूर्वी, खाडीत गलबतं शिरायची तेव्हाची गोष्ट. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे खडकाळ माळ, सड्यावर उघडा कातळ आणि कातळावर कोरलेली चित्रं: मासा, मोर, कासव. कुणी कोरली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण एकेका कुळाचं एकेक चित्र होतं. लग्न ठरलेली पोर आपल्या चित्रावर दंड टेकवून बसायची, आणि आवडी गोंदणारीण तेच चित्र तिच्या हातावर उतरवायची. बाकीच्या जणी गाणी म्हणायच्या, रडणारीला चिडवायच्या. ते दिवसच तसे होते. पोर सासरी जायची, गावातच असो की परगावी, ती कूळ हातावर घेऊन.

आवडी म्हातारी झाली, तिचे डोळे गेले. त्याच साली जाणत्यांनी देवळाला चौथरा बांधायचं ठरवलं. जाणते कसले! आपसात ठरवलं आणि चित्रांचाच कातळ फोडून चिरे काढले.

घणाचे आवाज ऐकून आवडी चाचपडत वर पोचली, तोवर सगळं संपलं होतं.

"दादजी, काय केलंत हे?"

जाणत्यांचा म्होरक्या दादजी गावकार हसला. "अगो आवडे, गुराख्यांच्या रेघोट्या त्या. देवाच्या कामी आल्या."

"आयशीच्या हाताकडं बघितलंत कधी? का तो नुसता भाकरी वाढायला होता?"

दादजी चिरे मोजायला वळला. आईचा हात त्यानं कधी बघितलाच नव्हता.

मग आवडीनं बायकांना हाक घातली, "हात आणा गो आपापले!" दादजीची थकलेली आईसुद्धा पाठुंगळी बसून आली. आवडी एका हातानं गोंदण चाचपायची, दुसऱ्या हातानं उरलेल्या कातळात छिन्नी चालवायची. गोंदण बोटाला लागतं होय? तिला लागायचं, असं म्हणतात. कातळ लोण्यासारखा कापला जायचा, असंही म्हणतात. मोर पुरा झाला की त्या कुळाच्या लेकींचे हात दहा कोसांवर ऊन व्हायचे, आणि त्या चुलीवरचं तसंच टाकून माहेरची वाट धरायच्या. नऊ दिवसांत सडा बायकांनी भरून गेला.

शेवटी दादजीची आई म्हणाली, "आता तुझं कूळ, आवडे. हात दे."

आवडीनं पदर सारला. हात कोरा! गोंदणारणीला गोंदणार कोण? आणि तिच्या कुळात दुसरी बाई उरली नव्हती.

"मग आठवून कोर की!"

"नको गो. आठवण आपल्या सोयीचं सांगते. हाताखाली असेल तेच खरं."

तिनं हातभर जागा तशीच सोडली, छिन्नी ठेवली आणि त्या जागेवर दंड टेकवून बसली. ती तिथून उठलीच नाही, असं म्हणतात.

पुढं कधीतरी जाणत्यांना तिथं आपल्या नावांचा शिलालेख बसवायची हुक्की आली. बायका जाऊन त्या जागेवर बसल्या, चार दिवस हलल्या नाहीत. शिलालेख देवळामागं उपडा पडलाय, त्यावर कपडे धुतात.

गोंदण आता कुणी करत नाही. पण हळदीआधी पोर सड्यावर जाते, आधी आवडीच्या कोऱ्या जागेवर दंड टेकवते, मग आपल्या चित्रावर. त्या कोऱ्या जागेत कुणी रेघ ओढत नाही. ती बसते तेवढा वेळ गावातले जाणते म्हातारे खाली उन्हात उभे राहतात, आणि त्यांनी बोलायचं नाही, अशी रीत आहे.