ढबूचा लाडू आणि गप्प तार

टेकडीखाली एक बंगला. बंगल्यापुढे गवत. हिरवं हिरवं, गारेगार. त्या गवताच्या काठाला राहायचा ढबू. ढबू म्हणजे शेणकिडा, बरं का. काळा काळा, चकचकीत, बोटाच्या पेराएवढा.

एकदा काय झालं, ढबूने केला शेणाचा गोळा. गोल गोल, ओला ओला.

"वा वा!" ढबू म्हणाला. "काय लाडू झालाय!"

शी म्हणू नका हं. तुम्हाला शी, त्याला लाडू.

ढबूने डोकं केलं खाली, पाय केले वर, आणि लाडू ढकलला. गडगड गडगड. घरी बिळाच्या तोंडाशी ढेमी बसली होती. ढेमी म्हणजे ढबूची बायको. ती ओल्या लाडवात अंडं ठेवणार होती. लाडू वाळला, तर तडकणार. तडकला, तर अंडं ठेवायचं कुठे?

गडगड गडगड. निम्मी वाट झाली. इतक्यात कोण आला? गवतखाऊ आला!

गवतखाऊ म्हणजे गवत कापायचं यंत्र. आपलं आपण फिरतं. घुर्रर्र आला, घुर्रर्र आला, आणि लाडवावर येऊन टप्प! थांबला. लाल दिवा लागला. टीं टीं टीं!

ढबू बाहेर. लाडू पोटाखाली. आणि गवतखाऊचं पोट कसं? तव्यासारखं गरम!

"गवतखाऊदादा, गवतखाऊदादा, सरक ना! माझा लाडू मिळेना!"

"सरकू कसा? गवताभोवती जमिनीत तार पुरलीय. ती गुंऽऽ गुंऽऽ बोलते. इथवर ये, पुढे जाऊ नको, असं सांगते. आज ती गप्प. तार बोलत नाही, तोवर मी हलत नाही. टीं!"

"लाल दिव्याचा राजा, पोटात लाडू माझा!" ढबूने त्याला चिडवलं आणि निघाला.

तुरुतुरु तुरुतुरु.

जास्वंदीखाली तार सापडली. दोन टोकं मातीतून वर आलेली. मधे काहीच नाही.

"तारबाई, तारबाई, बोल ना! गवतखाऊ हलेना, माझा लाडू मिळेना!"

"बोलू कशी? माझा मधला तुकडाच गेलाय. घेवड्याच्या वेलाने धरून ठेवलाय. वेल सोडत नाही, तोवर मी बोलत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

स्वयंपाकघरामागे वेल होता. मांडवाला टेकून झुलत होता. कमरेला तारेचा तुकडा, अगदी करदोड्यासारखा.

"वेलदादा, वेलदादा, तुकडा सोड ना! तार बोलेना, गवतखाऊ हलेना, माझा लाडू मिळेना!"

"सोडू कसा? सोडला की मी पडलो धप्प, शेंगांसकट! कोंडाबाईने मघाशीच मला यानेच बांधलंय. बाई दुसरं काही बांधत नाही, तोवर मी सोडत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

कोंडाबाई बागेचं सगळं बघायची. आत्ता ती झारीने पाणी घालत होती. झुळझुळ झुळझुळ.

"कोंडाबाई, कोंडाबाई, वेलाला दुसरं काही बांध ना! वेल सोडेना, तार बोलेना, गवतखाऊ हलेना, माझा लाडू मिळेना!"

"अगंबाई! ती तार होय? जमिनीत नुसतीच लोळत होती की रे, काम ना धाम! म्हटलं, वेलाला तरी होईल. घेतला विळा आणि कापली. पण आता बांधू कशाने? तुझ्या मिशीने? सुतळी येत नाही, तोवर मी बांधत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

ढबू व्हरांड्यात आला. इकडे बघतो, तिकडे बघतो. सुतळी कुठे दिसेना.

"सुतळीबाई, सुतळीबाई, कुठे आहेस? ये ना! बाई बांधेना, वेल सोडेना, तार बोलेना, गवतखाऊ हलेना, माझा लाडू मिळेना!"

खुर्चीतून दबका आवाज आला. "इथे आहे रेऽऽ! काकांच्या बुडाखाली! येऊ कशी? काका उठत नाहीत, तोवर मी येत नाही."

खुर्चीत पेंडसेकाका बसले होते. बंगला त्यांचा, गवत त्यांचं, गवतखाऊ पण त्यांचाच. हातात गवतखाऊचं जाडजूड पुस्तक. पुस्तक उलटं, डोकं खाली पाय वर, ढबूसारखं.

"काका, काका, उठा ना! सुतळी येईना, बाई बांधेना, वेल सोडेना, तार बोलेना, गवतखाऊ हलेना, माझा लाडू मिळेना!"

"उठू कसा?" काका म्हणाले. "गवतखाऊ का रुसला, ते कळत नाही, तोवर मी उठत नाही."

"अहो, तेच तर सांगतोय!"

"गप रे! पुस्तकात शेणकिड्याचं नावसुद्धा नाही. तुला काय कळतंय?"

झालं! आता जायचं तरी कुणाकडे? पुढे कुणीच नाही. ऊन चढलं. लाडू वाळत चालला. ढबू पायरीवर बसला आणि रडकुंडीला आला.

"काका उठेनात, सुतळी येईना, बाई बांधेना, वेल सोडेना, तार बोलेना, गवतखाऊ हलेना, माझा लाडू मिळेना!"

मग त्याने डोळे पुसले. काकांच्या लेंग्याकडे बघितलं. लेंगा चांगला ढगळ होता.

तुरुतुरु तुरुतुरु. ढबू आत शिरला.

घोट्यावर तुरुतुरु. पोटरीवर तुरुतुरु. गुडघ्यावर तुरुतुरु. आणि मग आणखी वर...

"आयाईगंऽऽ!"

काका उठले! टुणुक! नुसते उठले नाहीत, नाचले. टुणुक टुणुक टुणुक!

काका उठले, सुतळी आली. तिचा गुंडा गडगडत थेट कोंडाबाईच्या पायाशी. सुतळी आली, बाईने बांधलं. बाईने बांधलं, वेलाने सोडलं. हातभर तुकडा घेऊन बाई जास्वंदीखाली बसली.

"थांब गं, थांब!" काका नाचत नाचत ओरडले. "आधी तारेचं बटण बंद!" तेवढं मात्र त्यांना पाठ होतं. त्यांनी बटण बंद केलं. तेवढ्यात ढबू लेंग्यातून टपकन बाहेर पडला आणि तुरुतुरु लाडवाकडे पळाला.

बाईने एक गाठ मारली, दुसरी गाठ मारली. "झालं! लावा बटण."

काकांनी बटण लावलं. तार गप्प. गवतखाऊ गप्प.

"अगं कोंडाबाई," तार म्हणाली, "हे काय म्हशीचं दावं आहे? वरून गाठ, आतून गप्प! माझा सदरा काढ. आतलं तांबं तांब्याला भिडू दे."

पुन्हा बटण बंद. बाईने टोकं सोलली. लालसर तांबं चमकलं. पीळ दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली. पुन्हा बटण.

गुंऽऽ गुंऽऽ! तार बोलली! टीं टीं थांबलं. लाल दिव्याचा हिरवा झाला.

"दात बंद ठेव हं!" ढबू ओरडला.

"ठेवतो रे. मी शेण खात नाही," गवतखाऊ म्हणाला, आणि अलगद मागे सरला.

ढबूने लाडू चाचपला. वरून थोडा वाळला होता. आतून ओलाच होता! एकही तडा नाही!

डोकं खाली, पाय वर. गडगड गडगड. ढबू निघाला.

इकडे काका छाती फुगवून म्हणाले, "बघितलंस कोंडाबाई? पुस्तक वाचून मीच दुरुस्त केला!" मग त्यांनी नाक वर केलं. "पण कसला गं हा वास येतोय?"

कोंडाबाईने काकांच्या लेंग्याकडे बघितलं. नाकाला पदर लावला.

बिळाशी ढेमी बसलीच होती. "एवढा उशीर? कुठे होतास?"

"काकांच्या लेंग्यात," ढबू म्हणाला.

ढेमीने लाडू आत घेतला. त्यात एक अंडं ठेवलं. पांढरं, साबुदाण्याएवढं.

लाडू गेला बिळात, काका बसले खुर्चीत, आणि गोष्ट शिरली तुरुतुरु तुमच्या कानात.