कोतवालाला दिलेली मुभा

डोंगरांच्या कुशीत कधीकाळी एक लहानसं राज्य होतं. तिथल्या न्यायाधीशांना लोक शास्त्रीबुवा म्हणत. त्या राज्यात एका जुन्या निवाड्याचा मोठा मान होता. कोणालाही कोठडीत टाकायचं, तर त्याचा गुन्हा चारचौघांत सांगायचा. सांगता आला नाही, तर माणूस सोडायचा. राजासुद्धा हे मोडत नसे.

एकदा जत्रेत एका बहुरूप्याने राजाच्या चालण्याची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. दिवस मावळायच्या आत कोतवालाने त्याला उचललं.

बहुरूप्याची बायको न्यायसभेत आली. "शास्त्रीबुवा, माझ्या धन्याचा गुन्हा तेवढा सांगा. मग हवी ती शिक्षा द्या."

कोतवाल शास्त्रीबुवांच्या कानाशी लागला. "नक्कल केली, एवढंच. ते सांगितलं तर लोक पुन्हा हसतील. आपण म्हणा, राज्याला धोका असेल तेव्हा कोतवालाने कारण सांगायची गरज नाही. फिरस्ता माणूस तो. त्याच्यासाठी कोण रडणार आहे?"

खरा निवाडा काय, ते शास्त्रीबुवांना ठाऊक होतं. पण राजाची मर्जी जाईल ही धास्ती होती. शिवाय त्याच बहुरूप्याने मागे त्यांच्या खाकरण्याची नक्कल केली होती, तेही मनात सलत होतं. एवढ्या एका वेळी काय होतंय, असं म्हणून त्यांनी कोतवालाला हवा तसा निवाडा दिला. राजाने त्यावर मोहोर उठवली.

बाई पदर सावरून निघून गेली.

पुढे तलाव फुटला. बांध इतका कच्चा कोणी बांधला, असं गावच्या गुरुजींनी विचारलं. गुरुजी कोठडीत गेले. त्यांना भाकरी पोचवणारी म्हातारी सुईणही गेली. कारण विचारायला येईल त्याला कोतवाल शास्त्रीबुवांचाच निवाडा ऐकवी. हळूहळू न्यायसभेत कोणी येईनासं झालं.

शास्त्रीबुवांची सगळी मुलं त्याच सुईणीच्या हातून जन्मली होती. त्यांचा जीव तुटला.

"तिच्यापासून राज्याला कसला आलाय धोका?" त्यांनी कोतवालाला विचारलं.

"धोका आहे की नाही, ते कोणी ठरवायचं हे आपल्या निवाड्यात कुठे आहे? म्हणून आम्हीच ठरवतो."

"मग मी निवाडा फिरवतो."

"फिरवा. त्यावर मोहोर कोण उठवणार?"

काही काळाने राजा वारला. गादीवर त्याचा मुलगा आला. तो मवाळ होता, दयाळू होता. शास्त्रीबुवा मोठ्या आशेने त्याच्याकडे गेले.

"महाराज, माझ्या हातून चूक झाली. कोतवालाला दिलेली मुभा काढून घ्या. लोकांना त्यांचा हक्क परत द्या."

राजाने त्यांना शेजारी बसवलं. "शास्त्रीबुवा, मी काय जुलमी आहे? भिता कशाला?"

"तुम्हाला भीत नाही. तुमच्यामागून येईल त्याला भितो."

राजा म्हणाला, "मी ती मुभा वाईटाला वापरणार नाही. पण हाती आलेली गोष्ट कोण सोडतं? आपण तरी सोडली असती का?"

शास्त्रीबुवांनी पगडी उतरवून तिथेच ठेवली आणि ते बाहेर पडले.

वाटेत तुरुंगाची भिंत लागली. आतून माणसं आपापली नावं ओरडून सांगत होती. रस्त्याने जाणाऱ्या कोणाला तरी कळावं, आपण अजून आहोत, एवढ्यासाठी. जाणारे-येणारे माना खाली घालून चालले होते. शास्त्रीबुवा भिंतीला कान लावून उभे राहिले. एकेक नाव ऐकू येत होतं. गुन्हा मात्र त्यांना एकाचाही सांगता येत नव्हता.

तात्पर्य: नावडत्या एकाचा हक्क मोडणारा निवाडा साऱ्यांचाच हक्क मोडतो, आणि सत्तेला एकदा देऊन टाकलेली मुभा भल्या राजाकडूनही परत मिळत नाही.