काटा साडेसहा हजारांवर

"...पण शंभरच्या वेगाला इंजिनानं साडेतीन हजारांवर का फिरावं, वस्ताद?"

बाबालाल मिस्त्री बाकड्यावर बसून पाना पुसत राहिले.

दयासागरनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. आवाज खालचा, हात पाठीमागे बांधलेले. जबडा मात्र आवळलेला होता.

महामार्गाला लागून, पेठ नाक्याच्या अलीकडे मिस्त्रींचं गॅरेज. दयासागर लिगाडे तिथं अकरा वर्षं शिकला आणि नऊ वर्षांपूर्वी बाहेर पडला. आता पुण्यात त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं आणि दारात मोठ्या लोकांच्या गाड्या लागत होत्या. तरी दर गुरुपौर्णिमेला तो नारळ आणि टॉवेल घेऊन यायचा, वस्तादांच्या पाया पडायचा आणि चहा न घेता निघून जायचा.

आज गाडी घेऊन आला होता. लाल, दोन दारांची, जपानी. तिच्या इंजिनात पिस्टन नसतात, तिकोनी रोटर गरगर फिरतात. भंगारातून उचलून चार वर्षं खपून त्यानं ती उभी केली होती, आणि आता ती त्याच्या डोळ्यांदेखत मरत होती. चढाला दम सोडायची. गरम झाली की पुन्हा सुरू व्हायची नाही.

आपण तिला किती जपलं ते त्यानं सांगितलं. बाकीच्या गाड्या शंभरला दोन हजारांवर निवांत पळतात आणि ही साडेतीन हजारांवर ओरडते. म्हणून त्यानं ती सत्तरच्या वर कधी नेली नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजारांपुढे जाऊ दिला नाही. आता मागच्या चाकांकडचे गिअर बदलून काटा आणखी खाली आणायचा होता, आणि ते काम वस्तादांनीच करावं अशी त्याची विनंती होती.

मिस्त्री उठले. गाडीच्या मागे जाऊन वाकले, धुराच्या नळीत बोट घातलं. बोट काळंकुट्ट होऊन बाहेर आलं.

ते त्यांनी दयासागरच्या पांढऱ्या शर्टावर पुसलं. छातीवर, सावकाश.

दयासागरचे कान लाल झाले.

"असू दे, वस्ताद," तो म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम कठीण झाला. हे इंजिन फिरण्यासाठीच बनवलंय, ते म्हणाले, त्याला दाबून चालवलं की सगळी काजळी आतच बसते. एवढं बोलून ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि दार आपटलं.

"चल. कोल्हापूरच्या अंगाला."

रस्ता मोकळा होता. सत्तरला दयासागरचा पाय थांबला. मिस्त्रींनी शंभर सांगितलं. शंभर झाले. मग चौथा गिअर सांगितला. काटा पाच हजारांजवळ गेला, गाडी गचके खाऊ लागली.

"तिसरा."

दयासागरनं नम्रपणे सांगितलं की हे इंजिनाला सोसणार नाही.

मिस्त्रींनी गिअरवरचा त्याचा हात मुठीत धरला. बहात्तर वर्षांचा हात, पण पकड पान्यासारखी. दयासागरचा पाय सवयीनं क्लचवर गेला, आणि म्हाताऱ्यानं तिसरा गिअर टाकला.

काटा साडेसहा हजारांवर. गाडी किंचाळली. मागच्या आरशात काळ्या धुराचा लोट उठला.

"फुटेल ते!" दयासागर ओरडला. "आणि फुटलं की पुन्हा माझ्यावरच ढकलाल!"

"पुन्हा म्हणजे?"

दयासागरनं स्टिअरिंग घट्ट आवळलं.

"पुन्हा म्हणजे काय, दयासागर?"

तो इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायला लागला, आणि नऊ वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. कारखान्याच्या चेअरमनची गाडी. ऑईल गळून रस्त्यातच जाम झालेलं इंजिन. ऑईलच्या चेंबरचा नट कुणी आवळला होता ते गॅरेजमध्ये सगळ्यांना माहीत होतं. चेअरमनसमोर नाव मात्र त्याचं घेतलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी त्याची पिशवी रस्त्यावर आली. बोलता बोलता त्यानं वस्तादांना एकेरीत हाक मारली. दोन शिव्याही दिल्या. त्याच्या तोंडाला फेस आला होता.

"नट तू आवळला होतास! तू!"

"हो," मिस्त्री म्हणाले. "माझ्याच हातानं ढिला राहिला. रागात विसरलो होतो, दुसऱ्या दिवशी आठवलं मला."

"आणि नऊ वर्षं गप्प बसलास?"

आता म्हातारा भडकला. डॅशबोर्डवर मूठ आपटून म्हणाला, "तू नारळ आणत होतास! दरवर्षी माझ्या पायावर डोकं ठेवत होतास, मुडद्यासारखं थंड. मी कोणत्या तोंडानं सुरुवात करू? एकदा दारात उभा राहून शिवी घातली असतीस, तर मी तिथंच तुझे पाय धरले असते!"

दयासागरचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला.

"पाय काढू नको."

त्यानं तो पुन्हा दाबला. गचके थांबले होते. गाडी एका सुरात पळत होती, आणि आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

पुढं किणीचा टोलनाका दिसू लागला. दयासागरनं बाहीनं तोंड पुसलं. आवाज पुन्हा खाली आला. झालं ते झालं, तो म्हणाला, चुकून जास्त बोललो, वस्तादांनी मनावर घेऊ नये. नाक्याच्या अलीकडून गाडी वळवतो म्हणाला आणि इंडिकेटर लावला.

मिस्त्रींनी हात लांब करून इंडिकेटर बंद केला.

"वळवू नको. त्या संध्याकाळी चार माणसांत तुझ्या थोबाडीत मारली होती मी... त्यावर तू अजून आलाच नाहीस."