काळ्या मातीची मिठी

कुंड्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. हौसाक्का माळणीकडे काळ्या मातीत शेवंती छान वाढली होती. म्हणून अक्काने तीच माती कोरफडीच्या कुंडीतही भरली.

काही दिवसांनी कोरफड म्हणाली, "मावशी, जरा सैल धर ना. जीव गुदमरतोय."

"गप गं," माती म्हणाली. "सोडलं तर तहानेनं मरशील. शेवंतीलाही मी असंच धरलंय. बघ कशी फुललीय!"

"मी येऊ का मदतीला?" बाजूच्या ढिगातून वाळूने विचारलं.

"तू? तुझ्या हातात घोटभर पाणी तरी टिकतं का?"

पण त्याच दुपारी कोरफडीचं एक मूळ मातीला मऊ लागलं. ते कुजत होतं. माती घाबरली. तिने मिठी सोडून पाहिली, पण तिला सोडणं जमेना. आणि समोरून हौसाक्का झारी घेऊन येत होती.

मातीने सगळा जीव एकवटून तोंड मिटलं. पाणी वरच साचलं.

"अगं बाई, हे मुरत का नाही?" अक्काने रोप उपसलं आणि मातीची मूठ वळून पाहिली. गोळा काही फुटेना. तिने कुजकं मूळ काढलं आणि मातीत ओंजळी भरभरून वाळू मिसळली.

"ये गं," माती वाळूला हळूच म्हणाली. "मला सोडायला शिकव."

आता कोरफडीच्या कुंडीत पाणी आलं की माती त्याला भेटते आणि जाऊ देते. शेजारच्या कुंडीत शेवंतीला मात्र ती अजून घट्ट धरून आहे.