पाटलांची चीप

फार पूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होतं. बाजार, शाळा, वैद्य, सुईण, सगळं पलीकडच्या काठावर. पावसाळा लागला की गाव अडकून पडे. शेवटी देऊळ आळी आणि मशीद आळी एक झाल्या आणि त्यांनी पूल बांधायला काढला.

मोठे दगड खाणीतून आले. फटींत ठोकायची दगडी चीप मात्र घरटी एक, आपल्या हाताने घडवून आणि वर घराची खूण कोरून द्यायची, असं ठरलं. पाटलांनी आपल्या चिपेवर सूर्य कोरला. त्यांची लेक पावसाळ्यात बाळंतपणाला माहेरी येणार होती, त्यामुळे घाई त्यांनाच जास्त होती.

कमानीचा शेवटचा दगड बसवायच्या दिवशी पाटील अडून बसले. "आधी नारळ फुटेल."

"आधी दुआ होईल," मशीद आळीतून आवाज आला.

कमानीवर बसलेला म्हातारा मिस्त्री मशीद आळीतलाच. तो म्हणाला, "पाटील, दोन्ही एकदमच होऊ द्या की! देव थांबेल, पाऊस नाही थांबायचा."

लोक हसले. पाटलांचं पित्त खवळलं. हाताशी चिपांचा ढीग होता. त्यांनी एक उचलली आणि भिरकावली. ती मिस्त्रीच्या उजव्या हातावर बसली आणि हाड मोडलं. मग काय, दोन्ही आळ्या त्या ढिगावर तुटून पडल्या! पुलाच्या चिपा एकमेकांच्या डोक्यात गेल्या. कमान सांधणारा हातच मोडला होता. पहिल्याच पुराने अर्धा पूल धुऊन नेला.

त्याच पुरात पाटलांची लेक अडली. सुईण पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली, पण नाव घालायला कुणी धजेना. लेक वाचली, बाळ गेलं.

पाटील मिस्त्रीच्या दारी गेले. "मिस्त्री, कोणत्या तोंडाने माफी मागू?"

मिस्त्रीची बायको आतून आली आणि तिने पाटलांच्या हातावर एक चीप ठेवली. रक्ताचा डाग घासून काढला होता. वर सूर्य होता.

"पुलाची आहे, म्हणून जपून ठेवली," ती म्हणाली. "पुन्हा बांधाल तेव्हा लागेल."

तिने शिव्या घातल्या असत्या तर पाटलांनी सोसल्या असत्या. हे सोसवेना. ते तिथेच उंबऱ्याशी बसले आणि लाजेने रडले.

पूल झाला, पण फार वर्षांनी. तोवर सडक, बाजारपेठ, सगळं शेजारच्या गावाने नेलं होतं. गावातली पोरं विचारायची, "आजोबा, आपलाच पूल एवढा उशिरा का झाला?"

पाटील मान खाली घालून सांगायचे, "माझ्यामुळे."

तात्पर्य: देवाच्या नावाने भिरकावलेला प्रत्येक दगड आपल्याच पुलातून काढलेला असतो.